दहापर्यंत मोजताना

"मग माझं रूप का नाही बदललं, नाना?"

हैबतीनाना पालाबाहेर बसून तोंडाला निळा रंग लावत होते. बहुरूपी माणूस. दरवर्षी आमच्या गावाबाहेर चार दिवस उतरतात, रोज नवं सोंग घेऊन घरोघर फिरतात. आज शंकर होता. अर्धं तोंड देवाचं झालं होतं, अर्धं अजून त्यांचंच.

"कुणाचं बदललं होतं?" त्यांनी विचारलं.

"तोरेनचं."

नानांना तोरेन कुठून माहीत असणार? मी सांगितलं. मोबाईलवर बघायचं जपानी कार्टून. नऊशेच्या वर भाग. मी आणि मच्छिंद्रदादा सात वर्षं बघत होतो, मोबाईल एकच, दोघांच्या मध्ये धरून. तोरेन लढाईत हरायला आला की दोन्ही हात वर करतो, आभाळाकडे बघून आ करतो, आणि त्याचं रूप पालटतं. पहिल्या रूपात केस उभे राहतात. दुसऱ्यात डोळे लाल होतात. सातवं रूप पांढरं. त्याच्यापुढे कुणी टिकत नाही. ते त्याला भाऊ मेल्यावर मिळालं.

"भाऊ मेल्यावर," नाना म्हणाले.

"हो."

"तुझा..."

"उद्या दहावा."

नानांचं निळं बोट गालावर थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

"रूप पालटायला वेळ किती लागतो त्याला?"

"दहा मोजेपर्यंत."

"आणि तेवढ्यात दुश्मन काय करतो?"

"थांबतो."

"भला माणूस आहे."

मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. आणि त्या हसण्याबरोबरच, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

आम्ही दगडखाणीत पोहायला गेलो होतो. म्हणजे दादा पोहत होता, मी काठावर. मला पोहता येत नाही. दादा मधोमध गेला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. आ केला. आभाळाकडे बघितलं.

अगदी तोरेनसारखं.

मी टाळ्या वाजवल्या. आणि मोजायला लागलो. घरी आम्ही असंच करायचो, एकानं हात वर करायचे, दुसऱ्यानं मोजायचं. मोठ्यानं मोजलं मी. मजेत. सातला तो खाली गेला. मला वाटलं, आता पांढरा होऊन वर येईल.

दहा झाले.

पाणी सपाट होतं...

घरी मी सांगितलंय की मी तिथं नव्हतोच, कपडे आणायला गेलो होतो. आई रोज एकच विचारते. शेवटी काही बोलला का रे? मी म्हणतो, मला काय माहीत. तिच्यासमोर हे तोंड घेऊन बसवत नाही. उद्या सगळी भावकी येईल, कावळ्याला पिंड ठेवतील, आणि मी तिथं उभा असेन.

"मला सोंग द्या," मी म्हणालो. "कुठलंही. मी तुमच्याबरोबर येतो. झोळी उचलतो, पाणी भरतो. पण हा गोरख मला नको."

पालातून नानांची सून बाहेर आली, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मामंजी, कापडी नाग डाव्या अंगाला घ्या, लहान पोरं ओढतात," आणि पुन्हा आत गेली.

"ओळखलं तिनं," नाना म्हणाले. "म्हणजे सोंग कच्चं आहे. आमच्यात नवं सोंग पहिल्यांदा घरच्या दारात नेतात. तिथं उभं राहता आलं तर मग गाव."

"मी सोंग मागतोय, नाना."

"ऐकलं."

त्यांनी रंग कालवायची पाण्याची बादली पुढं ओढली. काठोकाठ भरली होती.

"मोज," ते म्हणाले.

"काय?"

"तेच. तसंच मोज."

आणि त्यांनी तोंड बादलीत घातलं. कानापर्यंत. दोन्ही हात मागून वर केले.

माझ्या तोंडातून आपोआप आकडा निघाला. एक. पाण्यात निळं पसरलं. दोन. नानांची बोटं हवेत ताठ झाली. तीन. बुडबुडे आले. चार...

मी त्यांचे केस धरले आणि वर खेचलं. बादली कलंडली. नाना खोकत राहिले, पाणी नाकातोंडातून गळत होतं. सगळा रंग गेला होता. खाली एक म्हातारा होता, देवीचे व्रण असलेला. असा मी त्यांना कधी बघितलाच नव्हता.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चार."

"दहा व्हायचे होते."

"तुम्ही मेला असता, नाना."

"हे तुला आज ठाऊक आहे. तेव्हा कुणी सांगितलं होतं?"

मी उजवी मूठ उघडली. आत त्यांचे चार पांढरे केस होते.

नानांनी खांद्यावरचा पंचा बादलीत उरलेल्या पाण्यात बुडवला, पिळला. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड पुसायला लागले. कपाळ, डोळे, गाल, कानांच्या मागं. सोंग उतरवताना पुसतात तसं, सावकाश, एकही जागा न सोडता. मग आरसा उचलून माझ्यापुढं धरला.

"नाना, हे तर माझंच तोंड आहे."

"नवं आहे," नाना म्हणाले. "पहिलं दार घरचं."