मिठाची करंगळी

एका राज्यात समुद्रालाही कायदा होता.

राज्य किनाऱ्यावर वसलेले, प्रजा मासळीवर जगणारी, आणि राजा भद्रसेन न्यायाने वागणारा. त्याच्या आज्याच्या काळी समुद्र एकदा रिकामा झाला होता आणि साऱ्या राज्याच्या चुली थंड पडल्या होत्या. म्हणून गादीवर बसताच भद्रसेनाने कालिंजर नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि बंदराच्या धक्क्यावर जादूचा तराजू टांगून घेतला. कोणत्या होडीने किती मासळी आणायची, याची मर्यादा दर वर्षी दरबारात ठरे. प्रत्येक होडीची मासळी तराजूत उतरे. मर्यादेहून एक मासा जास्त झाला तरी तराजूची घंटा आपोआप वाजेल, अशी जादू होती, आणि ती वाजली की त्या नाखव्याची होडी वाळूत पालथी घालायची, असा कायदा होता.

तराजू टांगला त्या दिवशी राजा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या राज्याने मर्यादेबाहेर समुद्र मारला, तर माझा वारस मिठाचा होवो."

लोकांनी जयजयकार केला. समुद्राने शपथ ऐकून घेतली.

वर्षे गेली. घंटा एकदाही वाजली नाही. दुसऱ्या राज्यांचे राजे तो तराजू पाहायला येत आणि माना डोलावत परत जात. आणि मग एका सकाळी युवराज नीलकेतू जोडे घालायला बसला, तेव्हा त्याच्या पायाची बोटे पांढरी झाली होती. राजवैद्याने बोट लावले, जिभेला लावले.

"मीठ आहे," तो म्हणाला.

राणीच्या हातातले तबक पडले. प्रधानाने तराजूच्या पहारेकऱ्यांना उलटसुलट विचारले. घंटा वाजली नव्हती, कोणी ती बांधून ठेवली नव्हती, कोणी चोरवाटेने मासळी उतरवली नव्हती. मर्यादा कोणीच मोडली नव्हती, आणि तरीही युवराज मिठाचा होत होता. दरबारात चर्चा सुरू झाली. चर्चा चालू राहिली. मीठ घोट्यापर्यंत आले.

युवराजाला एक धाकटी बहीण होती, राजकन्या सुरंगी. ती रोज भावाजवळ बसे. नीलकेतू तिला म्हणे, "स्वयंपाकघरात मीठ संपले तर लाजू नका, सांगा." ती हसत नसे.

"दरबार काय म्हणतो?" त्याने विचारले.

"एक समिती नेमू म्हणतो."

"मग मीठ कमरेला येईपर्यंत तरी काही ठरत नाही," नीलकेतू म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवले. तेव्हा सुरंगीला कळले की तो घाबरला आहे.

ती गच्चीवर गेली. तिथे कठड्यावर एक कुरव, समुद्रावरचा मासेखाऊ पक्षी, बसला होता. किनाऱ्यावरचे सारे कुरव सडपातळ असायचे. हा बदकासारखा फुगला होता आणि बसल्या बसल्या धापा टाकत होता.

सुरंगी म्हणाली, "बाजारात मासळी दर वर्षी कमी येते. मग तू एवढा लठ्ठ कसा?"

"सांगितले तर तुला खोटे वाटेल," कुरव म्हणाला. "म्हणून सांगत नाही. तीन मासे आण. एक तराजूतला, एक जाळ्यातला, एक तळातला. तिन्ही एका पारड्यात घाल. मग तराजूच सांगेल."

त्याने आपल्या पंखाखाली साठवलेला एक श्वास तिला दिला. तो एकदा छातीत भरला की पाण्याखाली सूर्य मावळेपर्यंत पुरणार होता. तिने तो पदराच्या गाठीत बांधला.

पहिला मासा सोपा होता. सुरंगी साधे लुगडे नेसून धक्क्यावर गेली. होड्या लागत होत्या, टोपल्या तराजूत चढत होत्या, घंटा गप्प होती. राजवाड्याचा मुदपाकी तिथे आपला हात कोपरापासून पसरून प्रत्येक मासा मोजत होता. हाताएवढा असेल तो घेई, बोटभर कमी असेल त्याला नाक मुरडी. बाजारातल्या बायकाही त्याचेच पाहून तसेच करीत. सुरंगीने हाताएवढा एक रावस घेतला. घरी येताना तिच्या मनात आले की धक्क्यावर एकही लहान मासा दिसला नाही. समुद्रात काय सगळे मासे थोरलेच जन्मतात?

मीठ गुडघ्यापर्यंत आले होते.

दुसऱ्या माशासाठी ती धाकोजी नाखव्याकडे गेली. धाकोजी त्या बंदरातला सर्वांत सचोटीचा नाखवा म्हणून नावाजलेला. आपण राजकन्या आहोत हे तिने सांगितले नाही. जाळी ओढायचे काम हवे म्हणाली. त्याने तिचे तळवे पाहिले.

"हे हात जाळ्याचे नव्हेत, पोरी. हे हात ताटाचे आहेत."

"एक दिवस न्या. नाही जमले तर परतताना पोहत येईन."

खलाशी हसले. धाकोजीही हसला आणि त्याने तिला होडीत घेतले.

किनारा दिसेनासा झाल्यावर जाळे पडले. ओढताना सुरंगीच्या तळव्यांची साले निघाली, पण तिने दोर सोडला नाही. जाळे वर आले आणि होडीत मासळीचा ढीग पडला: थोरले, धाकटे, बोटाएवढे, अंड्यांच्या गाभोळीने पोट फुगलेले. बरेचसे दाबून मेलेलेच होते. मग धाकोजीने ढिगातून हाताएवढे मासे वेचून बाजूला ठेवले. उरलेले खलाशांनी टोपल्यांत भरले. सर्वांनी डोक्याला हात लावून समुद्राला नमस्कार केला आणि टोपल्या पाण्यात उलट्या केल्या. पुन्हा जाळे पडले. पुन्हा वेचणी, पुन्हा नमस्कार. पाण्यावर मेलेली मासळी पांढरी पसरली आणि आभाळातून लठ्ठ कुरव खाली उतरले.

हा नमस्कार तिला ठाऊक होता. वर्षातल्या पहिल्या जाळ्यातला पहिला मासा समुद्राला परत द्यायचा, ही राज्याची जुनी रीत. लहानपणी राजाने तिलाच तो सोडायला लावला होता. तो मासा तिच्या ओंजळीत जिवंत तडफडत होता, आणि पाण्याला लागताच निघून गेला होता.

"नाखवा," ती म्हणाली, "हे मेलेले आहेत."

"हो."

"मग परत कशाला देता?"

धाकोजीला प्रश्नच समजला नाही. त्याने शांतपणे सांगितले की धक्क्यावर मर्यादा असते. मर्यादेत लहान मासे भरले तर मोठ्यांना जागा उरत नाही, आणि लहान मासे कोणी घेत नाही. म्हणून मर्यादेएवढे चांगले मासे मिळेपर्यंत जाळे टाकायचे आणि बाकीचे समुद्राचे समुद्राला द्यायचे.

"आणि सगळ्याच होड्या असे करतात?"

"आम्ही कायदा पाळणारी माणसे आहोत, पोरी," धाकोजी किंचित दुखावून म्हणाला. "माझ्या हयातीत घंटा वाजली नाही."

सुरंगीने जाळ्यातला एक बोटाएवढा मासा उचलला. तो तिच्या तळहातावर मावला आणि जागा उरली. मग तिने पदराची गाठ सोडली, तिथे मासा बांधला, कुरवाचा श्वास छातीत भरला आणि धाकोजी ओरडायच्या आत पाण्यात उडी घेतली.

ती खाली खाली गेली. पाणी निळे झाले, मग काळे झाले, आणि मग एकाएकी समोर उजेड दिसला. तळाशी एक चांदीचा डोंगर उभा होता. सुरंगीला वाटले, जुन्या गोष्टींतला बुडालेला खजिना हाच. तिने मूठ भरून घेतली आणि पाहिले. ते खवले होते. डोंगर माशांचा होता. वर ताजे, खाली सडलेले, त्याच्याखाली नुसते काटे आणि खवले, आणि सगळे मिळून चमकत होते. त्याच्या आसपास काहीही जिवंत नव्हते. शेवाळसुद्धा काळे पडले होते.

डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी घोळ मासळी पडून होती, होडीएवढी मोठी, एका डोळ्याने आंधळी.

"यांना कोणी मारले?" सुरंगीने विचारले, उत्तर ठाऊक असूनही.

"मारणारे नमस्कार करतात," घोळ म्हणाली. "म्हणून आधी आम्हालाही कळले नाही."

"माझा भाऊ मिठाचा होतो आहे."

"माझी लेकरे या डोंगरात आहेत." घोळीने आपला चांगला डोळा तिच्याकडे वळवला. "तुझा भाऊ अजून बोलतो ना? मग उशीर करू नकोस."

सुरंगीने डोंगरातला एक मासा उचलला आणि ती वर आली. धाकोजीने तिला होडीत ओढले. तिने त्याला आपण कोण ते सांगितले आणि तळाशी काय पाहिले तेही सांगितले. मग त्याने होडी वळवली. वाटेत त्याने एकदाच विचारले, "डोंगर केवढा?" तिने राजवाड्याच्या टेकडीकडे बोट दाखवले.

सुरंगीच्या निरोपावरून धक्क्यावर सारे नगर जमले. नीलकेतूला पालखीतून आणले होते. मीठ छातीशी आले होते आणि त्याला श्वास पुरत नव्हता. सुरंगीने राजवाड्यातून रावस मागवून घेतला आणि तिन्ही मासे पारड्यात ठेवले. घंटा वाजली नाही.

कालिंजर मांत्रिक पुढे झाला. "राजकन्ये, माझा तराजू चुकत नाही."

"तो काय मोजतो?"

"धक्क्यावर आलेले."

"आणि समुद्र काय मोजतो?"

कालिंजरने पारड्यातल्या तीन माशांकडे पाहिले.

"तराजूला सांगा, मेलेले मोज."

मांत्रिकाने राजाकडे पाहिले. राजाने आपल्या मुलाकडे पाहिले आणि मान हलवली. कालिंजरने तराजूच्या दांडीवर ओठ टेकून हळूच काही म्हटले.

पारडे खाली गेले. ते धक्क्याच्या दगडावर आदळले आणि दगडाला तडा गेला. घंटा वाजू लागली. ती थांबेना. इतकी वर्षे वाजायचे राहिले होते ते सारे ती एकदम वाजत होती. आयांनी लेकरांचे कान झाकले. नाखवे एकमेकांकडे पाहत राहिले. धाकोजी ओल्या वाळूत बसला आणि आपले दोन्ही हात असे पाहू लागला, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

प्रधान म्हणाला, याचा विचार करायला थोडा अवधी घ्यावा. सुरंगीने त्याला हाताला धरून पालखीजवळ नेले आणि मीठ जिथे गळ्याच्या खळगीला लागत होते तिथे त्याचे बोट ठेवले.

"कोणाची होडी पालथी घालू?" राजाने विचारले. "सगळ्यांचीच घालावी लागेल."

"सुरुवात आपल्या ताटापासून करा, बाबा," सुरंगी म्हणाली. "हाताएवढाच मासा कोणाच्या मुदपाकखान्याला हवा होता?"

राजाने मुकुट काढून दगडावर ठेवला. त्याने हुकूम दिले आणि ते लांबलचक नव्हते. समुद्र भरेपर्यंत जाळे पडणार नाही. तोवर राजाचे कोठार प्रजेचे. जाळी नव्याने विणायची, अशी की त्यांच्या भोकातून धाकोजीची मूठ आरपार जावी. आणि तराजू वितळवून त्याच्या लहान लहान घंटा करायच्या आणि प्रत्येक होडीच्या डोलकाठीला एकेक बांधायची. जाळ्यात जे येईल ते मोजले जाईल, मोठे असो वा लहान, ठेवलेले असो वा टाकलेले. घंटा वाजली की होडी घरी.

"आणि जे जाळ्यात आले ते राजवाडा खाईल," राजा म्हणाला. मुदपाक्याने मान खाली घातली.

तेव्हा घंटा थांबली. नीलकेतूच्या गळ्याखालचे मीठ ओले झाले. ते छातीवरून, मांड्यांवरून ओघळले, धक्क्याच्या पायऱ्या उतरून समुद्राला मिळाले. युवराज पालखीतून उठला, लटपटला आणि बहिणीचा खांदा धरून उभा राहिला.

"आता स्वयंपाकघराचे काय होणार?" तो म्हणाला. या वेळी सुरंगी हसली, आणि मग रडली.

काही पावसाळे गेले. पुन्हा होड्या सुटल्या त्या दिवशी धाकोजीचे जाळे वर आले तेव्हा बोटाएवढे मासे भोकांतून आपापले निघून गेले, जिवंत. जाळ्यात एक गाभोळीची पापलेटही आली. धाकोजीने ती लगेच, तडफडत असतानाच, पाण्यात सोडली. नमस्कार त्याने नंतर केला. मग घंटा वाजली. होडी अजून अर्धीच भरली होती. त्याने खुशाल शीड वळवले.

नीलकेतू पुढे राजा झाला. त्याच्या अंगावरचे सारे मीठ गेले, एक डाव्या पायाची करंगळी तेवढी मिठाचीच राहिली. कालिंजरने पुष्कळ मंत्र घातले. ती तशीच राहिली. आजही त्या राज्यात मर्यादा ठरवायला दरबार भरतो, तेव्हा प्रधान आणि नाखवे आपापले म्हणणे भांडून मांडतात. सगळ्यांचे झाले की सुरंगी राजाला म्हणते, "दादा, जोडा काढ." सारा दरबार वाकून पाहतो. पांढरे करंगळीपुरतेच असेल तर मर्यादा तीच राहते. एका वर्षी ते शेजारच्या बोटाला लागले होते. त्या वर्षी कोणी समिती मागितली नाही. होड्या पंधरवडाभर आधीच वाळूवर ओढल्या, आणि बोट पुन्हा माणसाचे झाले.