वरची गादी

"ऑपरेशन केलं त्या जागी आता दुखतं का, सर?"

"नाही."

यशोधनने चौकटीत बरोबरची खूण केली.

"त्याच्या वर दुखतं," सर म्हणाले.

"वरचं या फॉर्मवर नाही, सर."

"जागाच नाही?"

"ऑपरेशनच्या जागेपुरताच आहे हा."

सर पंख्याकडे बघत राहिले…

यशोधन माझा नवरा. चार महिन्यांचा. मणक्यांचा सर्जन आहे. गणबोटे सरांनी त्याला कॉलेजात शरीररचना शिकवली, आणि पाच वर्षांपूर्वी त्याने सरांच्याच कंबरेतला चौथा आणि पाचवा मणका चार स्क्रू, दोन रॉड घालून एकमेकांना जखडून टाकला. स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं ते त्याचं पहिलं ऑपरेशन. परवा कोल्हापूरच्या परिषदेत तो ते मांडणार होता. रुग्ण पहिला, वर्षे पाच, निकाल यशस्वी. सरांची सही तेवढी हवी होती. ती नसेल तर भाषण नाही, आणि भाषण नसेल तर विभागप्रमुखाची खुर्ची आणखी चार वर्षं दुसऱ्याची.

म्हणून आम्ही भर दुपारी मिरजेला सरांच्या घरी आलो होतो. मला आणलं होतं ते नमस्काराला. तो झाल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझं नाव विचारलं.

"शाल्मली," यशोधन म्हणाला.

"काय करते?"

"शाळेत शिकवायची. सध्या घर लावतेय."

काकू "बरं" म्हणून चहा टाकायला गेल्या.

यशोधनने एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. "बघा सर. पाच वर्षांत एक स्क्रू हललेला नाही. हाड काय धरलंय!"

"सुरेख."

"स्क्रूच्या कंपनीवाले फोटो मागतायत याचा."

"दे की." सरांनी काठीचं टोक रॉडच्या जरा वर टेकवलं. "आणि ही?"

"ही मणक्यांमधली गादी झिजलीय, सर."

"कशानं?"

"वयानं. अठ्ठ्याहत्तर म्हणजे…"

"माझ्या सगळ्याच गाद्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत रे. एका दिवशी जन्मल्या. वयाला नेमकी रॉडच्या शेजारचीच बरी सापडली?"

मला हसू आलं. मी ते पदरात घेतलं.

"ते सिद्ध झालेलं नाही, सर. काही लोक म्हणतात, ती तशीही झिजलीच असती."

"कोण लोक?"

यशोधनने एक्स-रेचा कोपरा काचेवर नीट दाबला.

सर खुर्चीत सरळ झाले. म्हणजे सरळ तर ते होतेच. आवाज सरळ झाला.

"वाकताना हाड वाकतं का?"

यशोधनचे हात आपोआप मागे गेले. तोंडी परीक्षेत उभं राहतात तसे.

"नाही, सर. हाड वाकत नाही. मधल्या गाद्या वाकतात. पुढून दबतात, मागून उघडतात."

"कंबरेत किती?"

"पाच."

"तू एक बंद केलीस. राहिल्या?"

"चार."

"आणि जमीन? ती वर आली का थोडी?"

"…नाही, सर."

"म्हणजे वाकायचं तेवढंच राहिलं. मग त्या बंद गादीच्या वाटणीचं वाकणं गेलं कुठं?"

"वाटलं जातं."

"सारखं?"

"नाही." यशोधन एक्स-रेकडे बघत म्हणाला, "शेजारणीवर जास्त येतं. ताठ भाग जिथं संपतो, तिथं ताण साचतो. वरच्या गादीला जास्त हलावं लागतं. तिच्यातला दाब वाढतो."

"हे तुला येत होतं?"

"हो, सर."

"पाच वर्षांपूर्वीही?"

"…हो, सर."

"आणि फॉर्म छापताना?"

आतून भांड्याचा आवाज आला.

यशोधन सरांच्या जवळ स्टूल ओढून बसला. घरी मी गप्प झाले की तो असाच स्टूल ओढतो, आणि आवाजही हाच लावतो. "यावर उपाय आहे, सर. रॉड आणखी एक मणका वर नेऊ. ती गादी पण बंद. दुखणं संपलं."

"आणि मग तिच्या वरची?"

"ती… बघू."

"तिच्या वरची?"

"सर, तुम्ही फार पुढचं विचारताय."

"वरचं विचारतोय."

काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवताना त्यांनी एक हात आधी टेबलावर रोवला, मग ट्रे सोडला. यशोधनला ते दिसलं नाही. तो मोबाइल काढत होता.

"ते राहू दे, सर. आधी फोटो घेऊ. अंगणात, उभ्यानं. आणि बूट घाला. प्राध्यापक दिसले पाहिजेत."

काकू आत गेल्या आणि बूटमोजे घेऊन आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या खाली बसल्या. एकदम नाही. आधी खुर्चीचा हात धरला, मग एक गुडघा, मग थांबल्या, मग दुसरा. त्यांच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज निघाला.

"काकू, कंबर का?" यशोधनने विचारलं. डॉक्टर आहे तो, वाईट माणूस नाही.

"काही नाही रे. स्क्रू यांना बसवलेस, करकर माझी वाजते."

यशोधन हसला. सर हसले नाहीत.

"पण मोजे तुम्ही का घालता? सर घालू शकतात की!"

काकूंनी मान वर केली. "तूच सांगितलंस ना, वाकायचं नाही म्हणून?"

"तीन महिने, काकू! फक्त तीन महिने म्हणालो होतो मी."

"हो का?" काकूंनी मोज्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी उघडलं. "संपले असं कुणी सांगितलं नाही बाई."

त्यांनी उजवा मोजा चढवायला घेतला.

सरांचा पाय काकूंच्या मांडीवर होता. तो त्यांनी काढून घेतला नाही. मला वाटलं होतं, घेतील.

"यशोधन," सर म्हणाले, "मघाशी तू बरोबर उत्तर दिलंस. पण अर्धं. मी अर्ध्यालाच पास केलं तुला."

"म्हणजे, सर?"

"सगळं त्या वरच्या गादीवर नाही आलं."

यशोधनला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने घड्याळ पाहिलं. कोल्हापूरला पोचून रंगीत तालीम करायची होती. उजवा मोजा चढला होता, डावा राहिला होता, आणि काकू तिथपर्यंत सरकायची तयारी करत होत्या.

"अगं, बघतेस काय?" तो मला म्हणाला. "काकूंना हातभार लाव."

मी खाली बसले. डावा पाय घेतला. सरांचं पाऊल थंड होतं, नखं नीट कापलेली. ती कुणी कापली असतील, हे विचारायची गरज नव्हती.

"टाचेकडून ओढ गं," काकू हळूच म्हणाल्या. "तसा नाही चढत. राहू दे, होईल सवय."

वर सर आमच्या दोघींच्या डोक्यांकडे बघत होते.

मग सरांनी हात पुढे केला. "आण तो फॉर्म."

"सर!" यशोधन उठलाच. "तुम्हाला पटलं ना?"

"त्या जागी दुखत नाही, हे खरंच आहे. खऱ्यावर सही करायला काय जातंय?"

त्यांनी सही केली. मोठी, वळणदार, पूर्वी मुलांच्या गुणपत्रिकांवर करत असतील तशी. यशोधनने कागदावर फुंकर घातली, घडी न घालता फाइलमध्ये सरकवला आणि सरांच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. तो एवढाच वाकतो.

"अजून फॉर्म आहेत तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.

"कशाला, सर?"

"लागतील."

"नाही, सर. पेशंट एकच ना."

सरांनी काठीचं टोक खाली, आमच्या दोघींकडे केलं. मी बुटाची नाडी बांधत होते. काकू खुर्चीच्या हाताला धरून उठायचा पहिला प्रयत्न करून परत बसल्या होत्या.

"खाली बघ," सर म्हणाले. "मोज."