ओलीची भिंत

स्वित्झर्लंडच्या डोंगरात लिंडेनबाख नावाचं एक गाव आहे. तिथल्या जुन्या चर्चच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीवर, चुन्याचं एक ठिगळ दिसतं. बाकी भिंत घट्ट, गुळगुळीत. तेवढ्या ठिगळाला बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते. "हात लावू नका! सगळ्यांना मेली तिथेच खाज," असं म्हणत किल्लीवाले कास्परबाबा काठी आपटतात, आणि मग आपणहूनच बाकावर टेकून गोष्ट सुरू करतात.

फार वर्षांपूर्वी, ख्रिस्ती लोकांतच जुना पंथ आणि नवी शिकवण यांची युरोपभर जुंपली होती, तेव्हाची ही गोष्ट. ही सगळी भिंत तेव्हा रंगवलेली होती, असं सांगतात. मधोमध मेरीमाता आणि तिच्या मांडीवर बाळयेशू. गावोगाव फिरणाऱ्या चित्रकाराला बाळयेशूसाठी लेकरू हवं होतं, म्हणून त्याने व्हेरेनाच्या रूएदीला समोर बसवलं. व्हेरेना म्हणजे चुनाभट्टीवाली. नवरा गेल्यावर भट्टी तीच चालवायची. रूएदीचा एक कान सुपासारखा बाहेर आलेला. चित्रकारही असा खट, त्याने तो कान तस्साच काढला. "अगं बाई, देवाचा कान बघ!" म्हणून गाव हसलं. पुढच्याच हिवाळ्यात रूएदी तापाने गेला. मागे राहिला तो भिंतीवरचा चेहरा. तेव्हा कुठले आलेत फोटो! लोक मेरीमातेपुढे मेणबत्त्या लावायचे, आणि व्हेरेना त्या कानाकडे बघत बसायची.

मग मेल्खिओर नावाचा नवा पाद्री आला. माणूस करडा, पण वाणी अशी की ऐकत राहावं. लॅटिन बाजूला ठेवून त्याने बायबल गावाच्या बोलीत वाचलं. आयुष्यभर ज्या शब्दांपुढे नुसतीच मान लववली, ते शब्द व्हेरेनाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ती ओक्साबोक्शी रडली म्हणे. नवी शिकवण घ्यायची का, असं गावसभेत विचारलं तेव्हा सगळ्यांत आधी हात वर झाला तो तिचाच.

पण त्याच सभेत पुढचा ठराव आला. देव चित्रात मावत नाही, तेव्हा मूर्ती आणि चित्रं काढून टाकायची. आता आपणच वर केलेला हात लपवायचा कुठे? शेजारच्या गावात हातोडे चालले होते, इथेही दोघं-तिघं हातोडे घेऊन उठलेच. व्हेरेना आडवी आली. "भिंत कशाला फोडता रे? हिवाळ्यात वारं काय तुमचा बाप अडवणार? चुना माझा, कुंचा माझा. मीच झाकते." ते लोकांना पटलं.

चुन्याचं असं आहे, की त्यात लोणी काढलेलं दूध घातलं तर तो भिंतीला जन्माचा चिकटतो. नुसत्या पाण्यातला चुना हिवाळ्याच्या ओलीत पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. व्हेरेनाने सगळ्या भिंतीला दुधातला चुना दिला. देवदूत झाकले, मेरीमाता झाकली. बाळाच्या चेहऱ्यापाशी आल्यावर मात्र तिने दुसरी बादली घेतली. त्यात दूध नव्हतं.

वसंतात बर्फ वितळलं आणि भिंतीतून एक कान बाहेर आला.

गावात एकच गलका झाला! म्हातारे म्हणाले चमत्कार, कुणी गुपचूप मेणबत्तीही लावून गेलं. तरण्यांनी पुन्हा हातोडे काढले. पाद्रीने व्हेरेनाला एकटीला चर्चमध्ये बोलावलं. लबाडी उघडी पडली तर आपल्याला गाव सोडावं लागणार आणि भिंतही फुटणार, हे ती जाणून होती. पाद्रीने गळालेला पापुद्रा बोटांत चुरडला.

"दूध घालायला विसरलीस?"

"विसरले नाही, पाद्रीबाबा. तुम्ही शिकवलेलं सगळं खरं मानते मी. देव म्हणून नाही हो बघत त्याला. माझं लेकरू आहे ते. त्याचा चेहरा मला आता आठवेनासा झालाय."

मेल्खिओर पेचात पडला. नियम मोडावा, तर आजवर सांगितलेलं सगळं फुकट; पाळावा, तर या बाईचं लेकरू दुसऱ्यांदा मारायचं. शेवटी रविवारी, भरल्या चर्चमध्ये तो म्हणाला, "ही भिंत ओलीची आहे. इथे चुना टिकायचा नाही. दर वसंतात व्हेरेनाने येऊन नवा हात द्यावा." उभ्या आयुष्यात हा माणूस एवढं एकच खोटं बोलला म्हणतात, आणि देवाने ते केव्हाच माफ केलं असेल.

दर वसंतात चुना द्यायच्या दिवशी सकाळी तो स्वतः दार ओढून घ्यायचा आणि बाहेर पायरीवर राखण बसायचा. आत व्हेरेना लेकराला डोळे भरून बघायची, आणि मग आपल्याच हाताने पुन्हा झाकायची. गावाला काय कळलं नव्हतं? सगळं कळलं होतं. पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही. धन्य ती बाई, धन्य तो पाद्री, आणि गावही काही कमी नव्हे.

व्हेरेना गेली, पण कुंचा गावाने जपला. आजही वसंतात त्या ठिगळाला बिनदुधाचा चुना देतात, आणि तो देते लेकरू गमावलेली आई. पाद्री बाहेर पायरीवर बसतो. वाचलेलं दूध गावातल्या पोरांना वाटतात. ज्या वर्षी गावात एकही लेकरू दगावत नाही, त्या वर्षी कुंचा पाद्रीच फिरवतो आणि गावात जेवणावळ उठते.

"आम्हाला बघायला मिळेल का तो कान?" असं कुणीतरी पाहुणा विचारतोच. कास्परबाबा उठतात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावतात.

"नाही रे बाबांनो. देव करो, ती पाळी तुमच्यावर कधी न येवो. आमच्या हिच्यावर आली होती."