चार गाठींची दोरी

एका राज्यात राजा चोर नव्हता, क्रूर नव्हता, देवाधर्माला चुकणाराही नव्हता. आणि तरी त्या राज्यात साठ दिवसांत दीडशे तान्ही पोरं मेली. कशी मेली ते सांगतो. मध्येच उठू नका, आणि राजाची बाजू घ्यायची घाई करू नका. ती घेणारे दरबारात पुष्कळ होते.

राजाचं नाव हेमकेतू. त्याच्या राज्यातून मधुरा नदी वाहत होती. काठावर तिचं देऊळ, देवळात तिची मूर्ती आणि मूर्तीपुढं सोन्याची वाटी. रोज सकाळी त्या वाटीनं नदीचंच पाणी नदीला पाजायचं, असा पूर्वापार नेम. नेम चालला तोवर पाणी गोड. चैत्रातल्या एका सकाळी वाटी नाहीशी झाली आणि दुपारपर्यंत नदी कडू झाली. नदी कडू म्हणून विहिरी कडू, विहिरी कडू म्हणून घागरी कडू. मोठी माणसं नाक दाबून पीत. गुरं प्याली, त्यांचं दूध कडू झालं. आया प्याल्या, त्यांचंही दूध कडू झालं. तान्ह्या पोरानं छातीला तोंड लावावं, चेहरा वेडावाकडा करावा आणि मान फिरवावी. त्याला नाक दाबून प्यायला कोण शिकवणार?

राजवाड्यात मात्र पावसाच्या पाण्याचं मोठं टाकं होतं. साठ दिवस पुरेल एवढं गोड पाणी त्यात होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

असं संकट आलं की त्या राज्यात दोरी धरायची रीत होती. एका मांत्रिकानं आपल्या दाढीच्या केसांची वळलेली ती पांढरी दोरी. जो प्रश्न पडेल त्याची दोरीला गाठ मारायची. ती गाठ बोटांनी सुटत नसे, सुरीनं कापली जात नसे. दरबारातल्या नेमाच्या दगडावर दोरी ठेवून खरं उत्तर मिळालं, की आपोआप सुटे. सगळी दोरी सरळ झाली की शाप उतरे. दोरी धरणाऱ्यानं फक्त विचारायचं. कुणाला दोषी म्हणायचं नाही, निर्दोषही म्हणायचं नाही.

राजानं प्रजेसमक्ष दोरी दिली ती सगुणा सुईणीच्या हाती. राज्यातली निम्मी पोरं त्या हातांवर जन्मली होती. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. तिची लेक चंद्रा बाळंतपणाला आली होती. महिन्याचा नातू घरात होता. गोकुळ त्याचं नाव. दोरी घेताना सगुणेच्या मनात दुसरं काही नव्हतं. गोकुळ प्यायला पाहिजे, एवढंच होतं.

तिनं पहिली गाठ मारली. "वाटी कुठं गेली?"

घाटावर चौकशी केली तेव्हा तीन गोष्टी कळल्या. देवळाच्या घंटेवर एक बोलकी मैना राहते, तिनं सगळं पाहिलंय. तिसऱ्या पायरीखाली एक कासव राहतं, तेही बोलतं, पण सावकाश. आणि त्या सकाळी युवराज मणिकेतू घाटावर पोहायला आला होता.

सगुणा आधी युवराजाकडं गेली. "मी पोहलो आणि परत आलो. वाटी मी पाहिली नाही," तो म्हणाला. पोरगा सरळ होता. हेच बापालाही सांगायला तो गेला, पण राजा म्हणाला, "आत्ता नको." दुसऱ्या दिवशी गेला. "आत्ता नको." तिसऱ्या दिवशीही तेच. राजाच्या मनानं घेतलं होतं की वाटी पोरानंच उचलली, आणि ते पोराच्या तोंडून ऐकायची त्याला छाती नव्हती. अहो, जेवायला पाटावर शेजारी बसत होते दोघं! एवढासा प्रश्न, भात कालवताना विचारता आला असता.

त्याऐवजी राजानं सगुणेला बोलावलं.

"सगुणाबाई, युवराज भला मुलगा आहे. त्याचं नाव दोरीत येऊ नये."

"ही आज्ञा आहे का, महाराज?"

"इच्छा आहे."

"ऐकली," म्हणाली सगुणा, आणि तडक मैनेला भेटायला निघाली.

देवळाची घंटा रिकामी होती. मैना राजवाड्यात होती, सोन्याच्या पिंजऱ्यात, पुढ्यात डाळिंबाचे दाणे. राजाला म्हणे ती एकाएकी फार आवडली. सगुणेनं विचारलं, मैनेनं चोच उघडली, मान वर करून जीव तोडून ओरडली. पण सोन्याच्या सळ्यांतून खरा शब्द बाहेर येत नाही, तो आतच राहतो. सगुणेनं जाब विचारला तर दरबारी म्हणाले, "राजानं पक्षी पाळू नये की काय?" पाळावा की! सगुणेनं दुसरी गाठ मारली. "मैना पिंजऱ्यात का?"

ती घाटावर पोचली तेव्हा तिसऱ्या पायरीखालचं कासवही नव्हतं. त्याला शाल पांघरून, पालखीत बसवून, सात डोंगरांपलीकडच्या मित्रराजाला भेट म्हणून पाठवलं होतं. दरबारी म्हणाले, "मित्राला भेट देणं हा तर राजधर्म." सगुणेनं तिसरी गाठ मारली. "कासव डोंगरांपलीकडं का?"

त्या गाठीचा बोभाटा गावभर झाला, तेव्हा राजानं दिवाण अनंतपंतांना बोलावलं. "तिच्या हातून दोरी काढून घ्या. दिलेली दोरी परत घ्यायचा राजाला अधिकार आहे."

"आहे, महाराज," पंत म्हणाले. घरी गेले, पगडी खुंटीला टांगली आणि झोपाळ्यावर बसून राहिले. चार दिवस दरबारात आले नाहीत. घरच्यांनी विचारलं तर म्हणाले, "ज्या बाईनं माझी तिन्ही नातवंडं जगात आणली, तिच्या हातातून मी ओढून घेऊ? मला जमायचं नाही."

हेही गावाला कळलं. अशी गोष्ट लपते थोडीच! मग राजानं पंतांना समोर बसवून सांगितलं, "लिहा. महाराजांनी दोरी काढून घेण्याची आज्ञा कधीच दिली नाही."

पंतांनी बोरू उचलला, लिहिलं. त्या राज्यात खोट्याला शाई धरत नसे. अक्षरं कागदावरून घरंगळली आणि थेंब थेंब पंतांच्या धोतरावर पडली.

राजा म्हणाला, "शाई पातळ आहे. दुसरी आणा."

दुसरी आणली, तिसरी आणली. संध्याकाळपर्यंत पंतांचं धोतर काळंकुट्ट झालं आणि कागद होता तसाच कोरा. सगुणेनं चौथी गाठ मारली. "दोरी परत का?"

आणि घाटावर देवळाचा म्हातारा पुजारी वामनभट हे सगळं बघत गप्प बसला होता. का गप्प, ते पुढं कळेलच. त्याला वाटत होतं, महाराज आपल्यालाच वाचवताहेत. रोज राजाच्या नावानं दोन फुलं जास्त वाहायचा मेला.

मैना मुकी, कासव दूर, दोरीला चार गाठी. सगुणा रोज दगडावर दोरी ठेवी आणि कुणी बोलतं का बघे. सगळे मूग गिळून. घरी चंद्रा कापसाचा बोळा मधात बुडवून गोकुळच्या ओठांना लावी. एवढ्याशा मधावर पोरगं किती दिवस काढणार? आधी ते मोठ्यानं रडे. मग बारीक रडू लागलं. मग रडणंच थांबलं. चाळिसाव्या दिवशी भर दुपारी चंद्रा म्हणाली, "आई, बघ ना, आज कसा शांत झोपलाय." सगुणेनं दारातूनच ओळखलं.

ज्या हातांनी त्याला पहिली आंघोळ घातली, त्याच हातांनी शेवटची घातली. चंद्रेच्या छातीला दूध येतच होतं. दुसऱ्या दिवशी सगुणा दोरी घेऊन पुन्हा दगडापाशी उभी राहिली. बाई तुटली नाही असं म्हणतात लोक. काय कळतंय त्यांना! ती तुटली होती, फक्त उभी होती.

साठाव्या दिवशी कासव आलं. पालखीतून गेलेलं कासव पायी परत आलं होतं, सात डोंगर ओलांडून, पाठीवरच्या शालीच्या चिंध्या झालेल्या. भरल्या दरबारात ते सरपटत दगडापाशी गेलं.

"कासवआजोबा, वाटी कुठं गेली?" सगुणेनं विचारलं.

"वामनभटाचा हात थरथरला," कासव म्हणालं. "वाटी निसटली. माझ्या पायरीखालच्या चिखलात आहे. दोन रात्री मी तिच्यावरच झोपलो. मला कुणी विचारलंच नाही."

पहिली गाठ सुटली. वामनभट गर्दीतून पुढं आला. "म्हातारा झालो म्हणून मला काढून टाकतील, या भीतीनं बोललो नाही हो!" कोळ्यांनी बुडी मारून वाटी आणली. दरबार उसळला. चोरीच नव्हती! युवराज निर्दोष! महाराज निर्दोष! ढोल वाजले, वाटीनं नदीला पाणी पाजलं, आणि लोकांनी ओंजळी तोंडाला लावल्या.

पाणी कडूच होतं.

दरबारी सगुणेवर धावून गेले. "बाई, चोरीच झाली नाही, मग चौकशी कसली आणि ती अडवली म्हणून दोष कसला? दोरी टाका आता!"

"मी चोर शोधत नव्हते," सगुणा म्हणाली. "वाटी शोधत होते. ती तिसऱ्या दिवशी सापडली असती."

"म्हणजे महाराज दोषी आहेत असं म्हणता?"

"तो शब्द बोलायचा मला अधिकार नाही. नाहीत असं म्हणायचाही नाही. तीन गाठी राहिल्यात. महाराजांनाच विचारते. मैना पिंजऱ्यात का?"

"आवडली म्हणून," राजा म्हणाला. गाठ करकचून आवळली.

"कासव डोंगरांपलीकडं का?"

"त्याचा सन्मान म्हणून." तिसरीही आवळली.

"दोरी परत का?"

"राजाची मर्जी. तिन्ही गोष्टी आमच्या अधिकारातल्या होत्या." चौथी इतकी आवळली की दगडाला चीर गेली.

उत्तरं देता देता राजाच्या घशाला कोरड पडली. त्यानं पाणी मागितलं. सेवकानं चांदीचा पेला आणला, पण हात पुढं करेना. "महाराज, टाकं आज सकाळी आटलं. हे नदीचं आहे."

राजानं घोट घेतला. साठ दिवसांतला पहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पेला हातातून पडला, तोंड कितीदा पुसलं तरी चव जाईना.

"हे पितात सगळे?" त्यानं विचारलं.

"पितात, महाराज. जे पिऊ शकले नाहीत ते गेले," सगुणा म्हणाली. "दीडशे गेले. माझा गोकुळ त्यातला एक. मी मोठ्यानं सांगत होते. तुमच्या टाक्यापर्यंत ऐकू आलं नाही."

राजा सिंहासनावरून उतरला, दगडापाशी आला आणि हळू बोलला. "मला वाटलं, वाटी माझ्या पोरानं घेतली. मैना ते बोलून दाखवेल म्हणून तिला कोंडलं." दुसरी गाठ सुटली. "कासव बोलेल म्हणून त्याला घालवलं." तिसरी सुटली. चौथीपाशी तो अडखळला. "आणि दोरी… दोरी सरळ झाली तर मी घाबरलेला बाप दिसेन, राजा दिसणार नाही, म्हणून ती काढून घ्यायला निघालो. अधिकार माझाच होता. वापरला तो वाट अडवायला. मी अडवलं."

चौथी गाठ सुटली. दोरी पांढरीशुभ्र, सरळ. बाहेर घाटावरून आरोळी उठली, "गोड झालं! पाणी गोड झालं!"

युवराजानं धावत जाऊन पिंजरा उघडला. साठ दिवसांचा कोंडलेला शब्द एकदम बाहेर पडला आणि दरबारभर घुमला. "भटाची वाटी पडली! भटाची वाटी पडली!" मैना थांबेना. पिंजऱ्यातल्या पहिल्या दिवसापासून ती एवढंच ओरडत होती.

मग राज्याची घडी बसली. हेमकेतूनं मुकुट दगडावर ठेवला, मणिकेतूनं तो उचलला. अनंतपंतांनी सगळी हकिगत लिहिली, आणि शाई धरली. टाकं बुजवलं; राजवाडाही नदीचंच पाणी पिऊ लागला. उरलेली पोरं छातीला लागली. घरोघर दिवे लागले, लोकांनी नव्या राजाचा जयजयकार केला, आणि आठवडाभरात ते म्हणायलाही लागले की जुना राजा तसा मनाचा मोठा होता हो, शेवटी खरं बोलला की नाही!

बोलला. साठाव्या दिवशी, तहान लागल्यावर.

सगुणा घरी आली. चंद्रा उंबऱ्यात बसली होती, चोळी ओली झालेली. तिनं बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला आणि आईकडं पाहिलं.

"आई, गोड झालंय गं," ती म्हणाली.

सगुणा तिच्या शेजारी बसली. घरात पाळणा होता, तो अजून कुणी उतरवला नव्हता. ज्यांना गोड लागलं त्यांचं गोड होवो. ही गोष्ट त्या पाळण्यापाशी संपली.