चाकामागचा दगड

"मग त्या तिघांना आज हाकलताय, का मी जाऊ?"

मठातल्या बाकीच्या तीन शिष्यांबद्दल वामनने असं तोंडावर विचारलं, तेव्हा तिमण्णाबाबा मठाच्या चढावर उकिडवे बसून मूठभर खडी चाचपत होते. बाबा जातीचे वडार. जन्म खाणीत गेला, म्हातारपणी टेकडीवर मठ बांधला. पण तोंड खाणीतलंच राहिलं.

"काय केलं रे त्यांनी?"

"भांडतात. जेवताना भांडतात, भजनात भांडतात. काल तुमच्यादेखत टाळ फेकून मारले."

"आणि तू?"

"सात वर्षांत माझा आवाज चढलेला ऐकलाय कुणी? एक कोपरा शिल्लक नाही माझ्यात." वामनने पायाखाली बोट दाखवलं. "या गोट्यांसारखा."

बाबांनी चढावर खडी टाकायला सांगितली होती. खडी पायाला टोचते म्हणून या शहाण्याने परस्पर नदीतले गुळगुळीत गोटे आणून पसरले. सकाळी बाबांनी मागवलेली खडीची ट्रॉली आली, तर ट्रॅक्टरची चाकं गोट्यांवर जागच्या जागी फिरत राहिली. ड्रायव्हर शिव्या घालत ट्रॉली तिथंच सोडून ट्रॅक्टर घेऊन खाली गेला. ट्रॉली घसरू नये म्हणून वामननेच गोटे बाजूला सारून चाकामागे एक दगड ठोकला होता.

बाबा उठले. ट्रॉलीमागे गेले, आणि उताराच्या अंगाला, चाकापासून दोन हातांवर मांडी घालून बसले.

"बाबा, तिथून उठा!"

"तुझा एक गोटा घे. चाकामागचा दगड काढ, तिथं गोटा लाव. लगेच तिघांना हाकलतो. मठ तुझ्या नावानं करतो."

वामन हसला. बाबा हसले नाहीत...

त्याने गोटा उचलला. हातात कसा छान बसत होता. वाकून दुसरा हात चाकामागच्या दगडाला घातला. खाणीतला फुटका तुकडा, चहूबाजूंनी धारा. तळवा कापला. डोक्यावर ट्रॉलीभर खडी... कुठंतरी फळी करकरली.

"काढ की, मेल्या!"

"नाही जमत, बाबा."

"का? तुझा गोटा कुणाला टोचत नाही."

वामनच्या हातातून गोटा सुटला. गडगडत पार पायथ्याला गेला. 

बाबा जागचे हलले नाहीत.

"जा, त्या तिघांना हाक मार. म्हणावं, घमेली घेऊन या, गोटे काढून खडी पसरायचीय."