टेंपोतून आलेली स्कूटर

“मग कारखाना वाढवायचा की नाही, बुवा? तेवढं सांगा.”

सिद्धूबुवा टेकडीवरच्या मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा काही ऐरागैरा नव्हता. रेवण शेटेचा विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचा कारखाना होता. सभासमारंभांत लोक त्याला मधल्या खुर्चीवर बसवत. बुवांसमोर मात्र तो अजून जमिनीवर मांडी घालायचा, कारण बुवा त्याचे गुरू. आज मांडी होती, पण आवाज सभेतला होता.

त्याने पुन्हा सगळं समजावून सांगितलं. बाजारात बडे कारखानदार उतरलेत. टिकायचं तर स्वस्त गाडी काढायला हवी, आणि स्वस्त करायची तर मोटर लहान बसवायला हवी. सपाट रस्त्यावर ही लहान मोटर झकास पळते. दोघं बसून चढाला लागली की जरा दमते, इतकंच. पण शहरात असे चढ आहेत कुठे? ज्यांच्या वाटेत असतील त्यांनी महागातली गाडी घ्यावी.

भांडवल घालणारी मंडळी उद्या सकाळी त्याचा शेवटचा शब्द ऐकायला येणार होती. हो म्हटलं तर दुसरा कारखाना उभा राहणार. नाही म्हटलं तर ती मंडळी दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि मग आहे तो कारखाना तरी किती दिवस चालेल, हे रेवणलाही सांगता येत नव्हतं. गेला आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“जो घील त्येला ह्ये चढाचं सांगनार का?” बुवांनी विचारलं.

“माहितीपत्रकात असतं, बुवा. शेवटच्या पानावर.”

बुवा पुढची वात वळायला लागले...

अंगणात टेंपो उभा होता आणि टेंपोत ती नवी स्कूटर. कारखान्यात नवं मॉडेल तयार झालं की त्यातली पहिली गाडी मठात यायची. बुवा तिला कुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि मागे बसून एक चक्कर मारून यायचे. त्याशिवाय रेवण गाडी बाजारात सोडत नसे. अधिकारी मागून हसतात हे त्याला ठाऊक होतं, पण तेवढ्यापुरतं तो कुणाचं ऐकायचा नाही.

कारण त्याची पहिली गाडी इथेच जन्मली होती, मठाच्या गोठ्यात. वडील म्हणाले, नोकरी कर नाहीतर घर सोड. रेवणने घर सोडलं. बुवांनी कुठला कोण न विचारता गाय बाहेर बांधली आणि गोठा त्याला दिला. सप्ताहाच्या जुन्या लाउडस्पीकरच्या वायरी त्याने गाडीला जोडल्या. ठिणगी उडाली की बुवा बाहेरून ओरडायचे, “जित्ता हायस का रं?” मग दोघं काळ्या हातांनीच पिठलं-भाकरी खायचे. त्यानंतर रेवणने पुष्कळ मोठ्या हॉटेलांत जेवणं केली, पण तसं पिठलं पुन्हा मिळालं नाही आणि तशी झोपही लागली नाही.

“गाडी टेंपोतनं का आनलीस?” बुवांनी विचारलं.

“नवी आहे. चिखलानं माखली असती.”

“उनाळ्यात?”

रेवण खिशातला फोन काढून बघायला लागला.

बुवांनी वाती ताटलीत ठेवल्या आणि उपरणं खांद्यावर टाकलं. “उतरव खाली. मारुतीपतुर जाऊन यिऊ.”

मारुतीचं देऊळ टेकडीच्या पायथ्याशी होतं. उतारावर गाडी अशी पळाली की बोलायची सोय नाही. वारा सुटला, बुवांचं उपरणं उडायला लागलं आणि ते पूर्वीसारखे खो खो हसले. रेवणला इतकं बरं वाटलं की उद्याची सकाळ क्षणभर तो विसरूनच गेला. बुवा खूश आहेत, म्हणजे जमलं, असं त्याने मनाशी धरलं.

बुवांनी बसल्या बसल्याच मारुतीला हात जोडले. “चल आता वर,” ते म्हणाले.

पहिलं वळण गाडीने घेतलं. दुसऱ्या वळणावर तिचा आवाज बसला. चिंचेपाशी आली आणि थांबली.

रेवणने दोन्ही पाय टेकले. गाडी मागे सरायला लागली तसा त्याने ब्रेक घट्ट दाबला. शर्ट पाठीला चिकटला होता. तो वाट बघत राहिला...

पहिली गाडी रोज इथेच, याच चिंचेपाशी थांबायची. पुरती थांबायच्या आतच बुवांनी मागून उडी टाकलेली असायची. धोतर खोचून ते ढकलायला लागत. बघणारे हसले की म्हणत, “हसताय काय? लेकरू हाय. शिकंल चढायला.” रात्री रेवण मोटर उघडून बसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा इथे अडायचा, बुवा पुन्हा उडी टाकायचे. आणि एके दिवशी गाडी न थांबता थेट मठाच्या दारात गेली, तेव्हा बुवा मागच्या सीटवरून उतरलेच नाहीत, तिथेच बसून रडले. रेवणही रडला होता.

आज मागून कुणी उतरलं नाही.

“बुवा...”

“हं.”

“थांबली.”

“कळलं.”

ब्रेक दाबून रेवणच्या बोटांना रग लागली. चिंचेखालून दोन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन गेल्या आणि वळून बघत राहिल्या.

“जरा उतरता का?” तो शेवटी म्हणाला. आवाज आता सभेतला राहिला नव्हता. “पूर्वी उतरायचात, बुवा. मी सांगायच्या आधी उतरायचात.”

बुवांनी उपरणं सारखं केलं. सीटवर जरा मागे सरकून ते ऐसपैस बसले.

“तवा मी तुजा बुवा हुतो, रेवण. आज गिऱ्हाईक हाय.”