संत पारवीचा पेहराव

त्या राज्यात संत बरेच होते आणि सोवळं सांगणारे बगळे त्याहून जास्त होते. पण मनापासून मानावी अशी संत एकच, पारवी. वणव्यात दुसऱ्यांची पिल्लं चोचीत धरून बाहेर काढता काढता ती स्वतः होरपळून गेली. देवळाच्या भिंतीवर तिचं चित्र होतं. दरवर्षी उत्सवाआधी ते नव्याने रंगवायची रीत होती.

रंगवायची झुपकी नावाची खार. कुंचला म्हणजे तिची स्वतःचीच शेपटी. ती रंगात बुडवून, भिंतीकडे पाठ करून, मान वळवून वळवून ती चित्र काढायची. त्या वर्षी पाखरांच्या बायकांत पळसाच्या पाकळीचा तुरा आणि हळदीने रंगवलेले पंख यांची टूम निघाली होती. झुपकीने पारवीलाही तोच साज चढवला. आपल्यातलीच वाटायला नको का ती! साळुंक्या चित्रापुढे तासन्‌तास बसू लागल्या. एकीला तर रडू आवरेना.

बगळ्यांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"अब्रह्मण्यम्!" थोरले बगळेमहाराज एका पायावर उभ्या उभ्या कडाडले. "संत आहे की नटवी? बायका येतात त्या दर्शनाला की तुरा बघायला?"

लगेच ठराव झाला. बाजारात चालतो तो पेहराव जो कोणी देवळात आणील, त्याची शेपटी छाटावी. छाटायला खेकडा नेमला. झुपकी शेपटीवरच बसून राहिली. शेपटी गेली की कुंचला गेला, कुंचला गेला की सगळंच आटोपलं.

"आमच्यासारखा साधा पांढरा रंग दे," महाराज म्हणाले. बिचारीने दिला.

चित्र इतकं देखणं उतरलं की तिथेच घात झाला. उत्सवाच्या दिवशी साळुंक्या पिठात लोळून आल्या, कावळिणी चुना फासून आल्या. देऊळ नुसतं पांढरंफटक! एका म्हाताऱ्या बगळ्याने बायको समजून कावळिणीला हाक मारली, आणि ती अशी काही खिदळली की विचारू नका.

"म्हणजे पांढरा रंगही बाजारात गेला!" महाराज गरजले. "खेकड्या, ठराव चालव."

झुपकीने शेपटी पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. खेकडा नांग्या उघडून आला आणि थबकला. ठराव म्हणजे ठराव, एवढंच त्या भाबड्याला ठाऊक. त्याने खारीच्या शेपटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या पारवीकडे पाहिलं, मग महाराजांच्या शुभ्र शेपटीकडे पाहिलं.

"महाराज, आधी कोणाची छाटू?"

महाराजांनी दुसरा पाय खाली टेकवला. मग ते जे पळत सुटले, ते थेट तळ्याच्या चिखलात जाऊन लोळले. मागोमाग बाकीचे बगळेही धपाधप पडले.

काठावर दोन तरुण साळुंक्या मान वाकडी करून बराच वेळ बघत होत्या. मग एकीने चोचीत थोडा चिखल उचलला आणि दुसरीच्या गळ्याला लावून पाहिला.

"अगं बाई, शोभतोय की गं!"